पातीचा चहा: सात महिने पिऊन झाल्यावर

मिरगाच्या आसपास सुरू केलं, आता जानेवारी सरत आलाय. दुपारचा आणि संध्याकाळचा दुधाचा चहा सोडून मी पातीचा, म्हणजे नुसत्या गवती चहाचा, बिनदुधाचा चहा प्यायला लागले. आमचं घर कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या बाजूला. आगरात न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहाचा ठोंब सासूबाईंच्या तरुणपणापासून माजलेला आहे. तरी मी शहाणीने आधी बाजारातून 'हर्बल टी'चं पाकीट आणलं. चव भुश्याची. ते अजून फडताळात पडलंय.

पहिले चार दिवस डोकं ठणकलं. पातीत कॅफीन नसतं आणि मी तीन कपांवरून एकदम एकावर आले होते. तुम्ही एकेक कप कमी करा.

दोन कप पाण्याला चार-पाच पाती. कात्रीनेच कापा, पातीची धार बोट चिरते. पाणी उकळलं की पाती टाकून दोन मिनिटं, मग गॅस बंद. तुळशीची सात-आठ पानं आणि पुदिना त्यानंतर, आणि वर ताटली. आधी मी सगळं एकदम घालून दहा मिनिटं खळाखळा उकळायची. वास घरभर आणि कपात नुसता काढा! पातीचा लिंबासारखा वास तिच्या तेलातल्या सिट्रल नावाच्या द्रव्याचा, तो वाफेबरोबर उडून जातो. थंडीत दालचिनीचं अर्धं पान घालते. आमचं झाड दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण तेज' जातीचं. पान चुरडलं की थेट लवंगेचा वास, कारण युजेनॉल हे वासाचं द्रव्य दोन्हींत असतं. तुळस मात्र कुंडीतली. वृंदावनातल्या तुळशीला हात लावलेला सासूबाईंना चालत नाही, आणि द्वादशीला कुंडीतलीसुद्धा नाही. त्या दिवशी नुसती पाती.

खरी फजिती वाळवणाची. श्रावणात पडवीत कागदावर पाती पसरली, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. सगळं माडाच्या आळ्यात टाकलं. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीत सुपावर वाळवली तेव्हा कुठे कुरकुरीत झाली. पण खाऱ्या दमट हवेत बरणी जरा उघडी राहिली की ती मऊ पडते, आणि वास ताज्याच्या निम्मासुद्धा नाही. दारात ठोंब असेल तर वाळवायच्या फंदात पडू नका.

शेजारच्या वहिनींनी हौसेने दुसरा ठोंब आणून दिला, तो निघाला सिट्रोनेला, म्हणजे डास पळवायच्या तेलाचं गवत. दिसायला तसाच, पण बुंधा लालसर आणि वास डासांच्या अगरबत्तीसारखा.

फायदा? 'शरीर शुद्ध होतं' वगैरे मला काही जाणवलं नाही. सर्दी दोनदा झालीच, गरम पिऊन घशाला बरं वाटलं इतकंच. पण दोन कपांची चार चमचे साखर रोज वाचली, म्हणजे महिन्याला जवळपास अर्धा किलो. दुपारची जळजळ गेली, ती पातीमुळे की दुधाचा चहा सुटल्यामुळे, कोण जाणे. ह्यांना बीपीची गोळी आहे. डॉक्टरांना विचारलं, तर चहा घ्या म्हणाले, पण गोळी सोडायची नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तुळस रोज घेण्याआधी विचारून घ्या, हेही त्यांनीच सांगितलं.

सकाळचा दुधाचा कप मी सोडलेला नाही. त्यात दोन पाती टाकते. हे अजून तिन्ही वेळेला दुधाचाच पितात, आणि माझ्या कपाकडे बघून विचारतात, "ताप आला काय गो?"