आठ महिन्यांनंतर: बाकी सगळं चालेल, पण तो टायमर काढा

तीन महिने वापरून झाल्यावर मी या प्रशिक्षण प्लॅटफॉर्मला चार तारे दिले होते. आज त्यातला एक काढून घेतोय, आणि त्याला कारण क्विझच्या वरच्या कोपऱ्यात धावणारा टायमर. फीचर्सची यादी तुम्ही वाचलीच असेल, ती पुन्हा देत नाही.

मी सुरक्षा प्रशिक्षण बघतो. शिकणारे सगळे नोकरी करणारे. काही दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात, बरेच जण यंत्रावर काम करतात आणि शिफ्ट संपल्यावर फोनवर कोर्स उघडतात. हेल्पलाइनवर बसणाऱ्या दोघांना अजिबात दिसत नाही, एकाला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचायला अवघड जाण्याचा त्रास आहे आणि बऱ्याच जणांची मातृभाषा मराठी नाही. एकच कोर्स सगळ्यांच्या गळ्यात मारायचा नव्हता, म्हणून 'शिकणाऱ्यानुसार बदलणारा' असं सांगून विकला जाणारा हा प्लॅटफॉर्म घेतला. लायसन्स माणशी आणि वर्षाचं, त्यामुळे पैसे वसूल होताहेत की नाही याकडे माझं बारीक लक्ष असतं.

गेल्या महिन्यात वार्षिक चाचणी होती. २० प्रश्न, २० मिनिटं. न दिसणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकाचा फोन आला, "सर, हे मला प्रश्न ऐकूच देत नाहीये. सारखे सेकंद मोजतंय." मी जाऊन शेजारी बसलो आणि त्याच्या इअरफोनचा एक बोळा कानात घातला. त्याचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचत होता, "खालीलपैकी कोणत्या", मध्येच "एकोणीस मिनिटे चार सेकंद". पुन्हा "खालीलपैकी", पुन्हा "एकोणीस मिनिटे तीन सेकंद". एकही वाक्य पुरं होत नव्हतं. सहाव्या प्रश्नापर्यंत आम्ही कसेबसे पोहोचलो, वेळ संपली आणि चाचणी आपोआप सबमिट झाली. पडद्यावर लाल अक्षरांत 'अनुत्तीर्ण'. हा माणूस अकरा वर्षं हेल्पलाइनवर लोकांना हेच नियम समजावून सांगतो. मला त्याच्याकडे बघवेना.

सपोर्टकडे तिकीट टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ब्राउझरची कॅश साफ करा. ती करूनही काही फरक नाही असं कळवलं, तर म्हणे फीचर ठरल्याप्रमाणेच चालतंय, आणि तिकीट बंद! मी ते पुन्हा उघडलं, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडलं आणि सोबत डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, २.२.१ हा निकष लिहून पाठवला. तो २००८ पासून आहे आणि 'ए' या सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीचा आहे. वेळेची मर्यादा घालायची असेल तर ती वापरणाऱ्याला बंद करता यावी, किंवा मूळ वेळेच्या दहापट तरी वाढवता यावी, किंवा संपण्याआधी सूचना मिळून साध्या कृतीने ती वाढवायला निदान २० सेकंद मिळावेत. लिलावासारख्या प्रत्यक्ष वेळेत चालणाऱ्या किंवा वेळेशिवाय अर्थच न उरणाऱ्या गोष्टींना त्यातून सूट आहे. यंत्राचं झाकण कधी उघडायचं नाही, हा प्रश्न त्यात बसत नाही.

मग त्यांच्या एका इंजिनिअरचा फोन आला. माणूस सरळ होता, चूक मान्य केली. टायमरचा भाग त्यांनी 'असर्टिव्ह' लाइव्ह रीजन म्हणून लिहिला होता, म्हणजे त्यातला प्रत्येक बदल स्क्रीन रीडरने हातातलं वाचन तोडून आधी बोलायचा. वेब मानकांत टायमरसाठी वेगळा 'रोल', म्हणजे हा भाग काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण, आहे आणि तो मुळात गप्पच असतो. तो वापरला असता तर हे घडलंच नसतं. अकरा दिवसांत दुरुस्ती आली. आता टायमर फक्त पाच मिनिटं उरली की एकदा बोलतो. सहकाऱ्याने चाचणी पुन्हा दिली आणि २० पैकी १९ बरोबर आले. त्या इंजिनिअरचे मनापासून आभार.

पण टायमर आहेच. जास्त वेळ हवा असेल तर शिकणाऱ्याने कारण लिहून फॉर्म भरायचा, मग अ‍ॅडमिनने त्या एका माणसासाठी, त्या एका क्विझपुरती वेळ वाढवायची. पुढच्या क्विझला सगळं पुन्हा पहिल्यापासून. डिस्लेक्सिया असलेल्या सहकाऱ्याने फॉर्म भरलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "दर वेळी माझं दुखणं लिहून द्यायचं नाही मला." त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. सगळ्यांसाठी टायमर एकदम बंद करायची सोय वरच्या, महागड्या प्लॅनमध्ये आहे. वेळ न मोजण्यासाठी मी जादा पैसे का मोजावेत? शेवटी सेटिंगमध्ये कमाल २४० मिनिटं टाकता येतात ती मी सरसकट टाकून दिली. बहुतेकांनी आधीइतक्याच वेळात चाचणी संपवली. ज्यांना वेळ लागणार होता त्यांनी तो घेतला, आणि कुणाला कुणासमोर हात पसरावा लागला नाही.

याच टायमरमुळे माझं आणखी एका गोष्टीबद्दलचं मत बदललं. पहिल्या परीक्षणात मी 'अ‍ॅडाप्टिव्ह पाथ'चं तोंड भरून कौतुक केलं होतं. सुरुवातीला पूर्वचाचणी होते, ज्याला येतं त्याचे धडे गाळले जातात, ज्याला येत नाही त्याला पायापासून शिकवलं जातं. कल्पना आजही आवडते. पण आमचा एक जुना, मुरलेला कामगार पुन्हापुन्हा 'नवशिक्या' गटात का पडतोय म्हणून अहवाल उघडला, तर उत्तरं जवळपास सगळी बरोबर होती, फक्त सावकाश दिलेली. मराठी त्याची तिसरी भाषा, प्रश्न दोनदा वाचतो. प्लॅटफॉर्म उत्तराला लागलेला वेळही गुणांत धरतो आणि वाचनाचा वेग म्हणजेच कौशल्य समजतो. त्या माणसाने आठवडाभर 'हातमोजे म्हणजे काय' छापाचे धडे बघितले. पाथच्या सेटिंगमध्ये 'प्रतिसाद वेळ' नावाचा बारीकसा चौकोन आहे, त्यातली खूण काढा. ही सोय आपल्या प्लॅनमध्येही आहे, कुणी सांगत मात्र नाही.

ऑटो कॅप्शनबद्दलही तेव्हा चांगलं लिहिलं होतं, ते अर्धं मागे घेतो. व्हिडिओत निवेदक स्पष्ट म्हणतो, "वीज चालू असताना झाकण उघडू नका." खाली कॅप्शन येतं, "झाकण उघडून का". आवाज बंद ठेवून बघणाऱ्यापर्यंत यातली मनाईच पोहोचत नाही. आपोआप तयार झालेली कॅप्शन तपासल्याशिवाय पुरेशी धरू नयेत असं वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था उगाच सांगत नाही. आता प्रत्येक व्हिडिओची कॅप्शन मी स्वतः वाचतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओला सुमारे पाऊण तास जातो. एडिटर चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

फोनवर कोर्स अर्धवट सोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ही अडचण अनेकांना येते. आमच्या बाबतीत दोष प्लॅटफॉर्मचा नव्हता. लांबलचक मॉड्यूल आम्ही स्कॉर्म १.२ मध्ये (स्कॉर्म म्हणजे ऑनलाइन कोर्स प्लॅटफॉर्मवर चालवायचा ठरलेला साचा) एक्सपोर्ट केलं होतं, आणि त्यात 'कुठवर आलो' ही नोंद ठेवायला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ती ६४,००० आहे. त्यात एक्सपोर्ट केल्यापासून एकही तक्रार नाही.

आणि अनपेक्षित आनंद दिला तो ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे व्हिडिओतलं बोलणं लेखी दाखवणाऱ्या बटणाने. ऐकू न येणाऱ्यांसाठी म्हणून मी ते चालू केलं होतं. वापरू लागले सगळेच: नेटवर्क कमजोर असणारे, मराठी सावकाश वाचणारे, व्हिडिओत एकच ओळ शोधणारे. एका पर्यवेक्षकाने धड्याचा मजकूर छापून यंत्राशेजारी चिकटवलाय, त्यात स्वतःच्या हाताने दोन ओळींखाली रेघ मारली आहे. या एका बटणासाठी मी लायसन्स चालू ठेवायला तयार आहे.

नूतनीकरण दोन महिन्यांवर आलंय. सगळ्यांसाठी टायमर बंद करायची सोय आमच्या प्लॅनमध्ये द्या, असं लेखी मागितलंय, उत्तर यायचंय. दिली तर तारा परत देईन. तुम्ही नव्याने घेणार असाल तर डेमोच्या वेळी विक्रेत्याला एनव्हीडीए चालू करून वेळ लावलेली क्विझ उघडायला सांगा, पडदा बंद करा आणि पहिला प्रश्न शेवटपर्यंत ऐकू येतो का ते बघा.