इक्वॅलिटी एक्स्प्लोरर : आधी कुलूप लावा, मग पक्षांतर शिकवा

कराडला घरीच सहावी ते आठवीच्या शिकवण्या घेते. समीकरणांचा धडा निघाला की पहिल्याच दिवशी कुणीतरी ऐटीत सांगतं, "ताई, मला येतं. बाजू बदलली की चिन्ह बदलायचं." यालाच पुस्तकात पक्षांतर म्हणतात. का बदलायचं म्हटलं की सगळ्यांच्या माना वहीत. हा मंत्र मोठ्या भावंडाकडून किंवा गाइडमधून आलेला असतो. नुसता तेवढाच येणारा मुलगा ३क्ष = १२ दिलं की तीन उचलून पलीकडे नेतो, उणे करतो आणि क्ष = ९ लिहून मोकळा होतो.

त्यावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं औषध म्हणजे फेटचं (PhET) 'इक्वॅलिटी एक्स्प्लोरर'. फेट म्हणजे गणित-विज्ञान पडद्यावर स्वतः हाताळून शिकायची संगणकीय साधनं. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला; त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, ब्राउझरमध्ये चालतं. पडद्यावर शब्द फारसे नाहीतच, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजीत लावलं तरी अडत नाही.

मांडणी तराजूची. तराजू आपल्या पाठ्यपुस्तकातही असतो, पण चित्रातला तराजू हलत नाही. इथे डावीकडे एक जास्त टाकला की काटा लगेच झुकतो आणि मधलं 'बरोबर'चं चिन्ह बदलून 'पेक्षा मोठे' होतं. सुरुवातीला सफरचंदं-संत्री आहेत, ती मुलं पाच मिनिटांत उरकतात, उरकू द्या.

खरी गंमत 'व्हेरिएबल्स' या भागात आहे. क्ष ची किंमत २ ठेवा. डाव्या पारड्यात एक क्ष आणि दोन एकक, उजव्या पारड्यात दोन क्ष. म्हणजे क्ष + २ = २क्ष, तराजू सरळ. आता मधलं कुलूप लावा (मग एका बाजूला काही केलं की दुसऱ्या बाजूलाही आपोआप तेवढाच बदल होतो) आणि डावीकडचा एक एकक उचलून बाहेर काढा. उजवीकडे काढायला एककच नाही, म्हणून तिथे आपोआप उणे एक येऊन बसतो. काटा हलत नाही. सातवीतली एक पोरगी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ताई, हा उणे एक आला कुठून?" एवढा प्रश्न पडला की माझं निम्मं काम झालं. पक्षांतर म्हणजे पलीकडे उडी मारणं नव्हे, दोन्हीकडून तेवढंच काढणं, हे तिला मी सांगितलं नाही. तिनेच उलटसुलट करून पाहिलं. (उणे एकाने पारडं वर जातं, हे मात्र मुलांना आधी पटत नाही. बरोबरच आहे, असलं वजन कुठल्या वाण्याकडे पाहिलंय त्यांनी?)

३क्ष = १२ वाल्यांसाठी 'ऑपरेशन्स' हा भाग. तिथे चिन्ह आणि संख्या निवडून बटण दाबलं की ती क्रिया दोन्ही बाजूंवर होते. मी त्यांना उणे तीनच दाबायला लावते. उरतं ३क्ष − ३ = ९. तराजू सरळ आहे, पण क्ष काही सुटा झालेला नाही. मग पोरं स्वतःच भागाकाराकडे वळतात.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कुलूप सतत लावून ठेवलं तर दुसऱ्या बाजूचं काम तराजूच करतो आणि मूल नुसतं वस्तू ओढत बसतं. म्हणून थोड्या वेळाने मी ते काढायला लावते आणि प्रत्येक पायरी वहीत लिहून घेते. 'सॉल्व्ह इट' या समीकरणं सोडवायच्या खेळात बरोबर उत्तराला हसरा चेहरा मिळतो, त्यामुळे हुशार मुलं बटणं दाबून दाबून उत्तर काढायला शिकतात. तो भाग शेवटीच उघडा. आणि 'आईचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट' या धर्तीची शाब्दिक उदाहरणं इथे नाहीतच. समीकरण सोडवायचं कसं ते कळतं, मांडायचं कसं ते नाही. आमच्याकडे मार्क तर तिथेच जातात.

लहान फोनवर एकक बोटाने ओढताना दुसरंच काहीतरी उचललं जातं. घरातला जुना लॅपटॉप असेल तर तो काढा, आणि एकाला माउस देऊन बाकीच्यांना काय करायचं ते सांगू द्या.