स्माइल लाइन्सना फिलर केले त्याला दहा महिने झाले, माझा अनुभव

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात केलं होतं, आता गणपती पण होऊन गेले, म्हणजे दहा महिने. तेव्हा कुठेच धड मराठीत काही वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

वय ५१. बँकेत नोकरी, रोज मुलुंड ते सीएसएमटी. माझा प्रॉब्लेम सुरकुत्या म्हणजे म्हातारी दिसते वगैरे नव्हताच, प्रॉब्लेम हा होता की ट्रेनच्या ग्रुपमधलं कोणी ना कोणी रोज विचारायचं, "काय गं, बरं नाही का?" अगं मी रविवारी मटण खाऊन चार तास झोपलेली असायचे आणि सोमवारी सकाळी हा प्रश्न! नाकाच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडे खोल घड्या पडल्या होत्या आणि त्यामुळे गप्प बसले तरी चेहरा रडवेला वाटायचा. डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं, म्हटलं एकदा करूनच बघू.

आधी मला बोटॉक्स आणि फिलर एकच वाटायचं. तसं नाहीये. बोटॉक्सने स्नायू सैल पडतो, म्हणून ते कपाळाच्या आठ्यांना आणि डोळ्यांच्या कडांना करतात, आणि साधारण तीन-चार महिन्यात उतरतं. फिलर म्हणजे जेल, आत जाऊन खड्डा भरतं. माझं हायलुरोनिक अॅसिडचं होतं, जे आपल्या त्वचेत मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. डॉक्टर म्हणाल्या घडी पडलीय ती गाल खाली उतरल्यामुळे, म्हणून थोडं गालात वर टाकू आणि थोडं घडीत. हे मला पटलं. सिरिंज १ मिलीची असते, माझ्या दोन लागल्या, एकीला २६ हजार. खोकल्याच्या औषधाचा चमचा ५ मिलीचा, त्याचा पाचवा हिस्सा २६ हजाराला, हा हिशोब घरी येताना रिक्षात केला आणि पोटात गोळा आला. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही, ते विसरा.

दुखतं का, सगळ्या हेच विचारतात. आधी नंबिंग क्रीम लावून अर्धा तास बसवलं, शिवाय जेलमध्येच भूल देणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे पहिल्या टोचणीनंतर नुसतं ढकलल्यासारखं वाटतं. दाताच्या रूट कॅनलपेक्षा खूपच बरं.

पण पहिला आठवडा! दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर उजवा गाल सुजलेला आणि खाली काळानिळा डाग, मी बाथरूममध्ये दार लावून रडले. ऑफिसात दाढ काढली म्हणून सांगितलं. रोज फोटो काढून डावं-उजवं मोजत बसायचे. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं समाधानी आहेस का, तर शिव्या घातल्या असत्या. दोन आठवड्यांनी सूज पूर्ण बसली तेव्हा कुठे खरा रिझल्ट कळला, त्यामुळे लग्नकार्य असेल तर निदान महिनाभर आधी करा, मी तीनच आठवडे ठेवले होते, हळदीला थोडा पिवळट डाग उरलेला तो हळदीतच खपला.

रिझल्ट म्हणाल तर घड्या गेल्या नाहीत, हलक्या झाल्या. हसले की दिसतातच, दिसायलाच हव्यात. लग्नात एकाही नातेवाईकाला कळलं नाही, नवऱ्याला तर आजपर्यंत कळलेलं नाही. आधी याचाच राग आला, बावन्न हजार घालवून कोणाच्या लक्षातही येऊ नये म्हणजे काय. मग जानेवारीत कधीतरी ट्रेनमध्ये लक्षात आलं की "बरं नाही का" हा प्रश्नच बंद झालाय. मला तेवढंच हवं होतं. माझ्याच ओळखीतल्या एकीने सेम केलं आणि ती जाम नाराज आहे, कारण तिला पंचवीस वर्षांपूर्वीचा चेहरा हवा होता, दोन सिरिंजमध्ये तो कुठून येणार.

आता माझी चूक. एप्रिलमध्ये मला हाव सुटली. डोळ्याखालचे खड्डे भरायचे म्हणून दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेले (नाव लिहीत नाही), ऑफर होती, रिसेप्शनवरची मुलगीच डॉक्टरपेक्षा जास्त बोलत होती. तिथेच उठायला हवं होतं. महिन्याभराने उजव्या डोळ्याखाली निळसर फुगवटा. डोळ्याखालची कातडी पातळ, जेल वरच्या थरात राहिलं की प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं, टिंडल इफेक्ट, शाळेत दुधाच्या पाण्यात टॉर्च मारून दाखवलेला तोच. पैसे देऊन शाळेचा धडा चेहऱ्यावर!

शेवटी पहिल्याच डॉक्टरकडे तोंड पाडून गेले. त्यांनी हायलुरोनिडेजचं इंजेक्शन देऊन ते विरघळवलं. आधी मधमाशी चावून कधी अॅलर्जी झालीय का हे विचारलं, कारण मधमाशीच्या विषातही तेच एन्झाइम असतं, आणि हातावर टेस्ट घेतली. दोन-तीन दिवसात सपाट. हायलुरोनिक अॅसिडच घ्या म्हणतात ते याचसाठी, बाकीच्या काही फिलरना असा विरघळवायचा उपाय नाही.

आणि हे हलक्यात घेऊ नका. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर भाग पांढराफटक पडला, खूप दुखायला लागलं किंवा दिसायला काही गडबड वाटली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. त्यामुळे पार्लरमध्ये नाही म्हणजे नाही, स्किनचा एमडी किंवा प्लास्टिक सर्जन, आणि विरघळवायचं औषध आत्ता क्लिनिकमध्ये आहे का हे तोंडावर विचारा. सिरिंजच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर पण मागून घ्या. माझं दुधाच्या हिशोबाच्या वहीत चिकटवलंय.

सध्या गौरीच्या फोटोत डावी घडी परत दिसायला लागलीय, उजवी अजून ठीक (मी डाव्या कुशीवर झोपते म्हणून असेल, माझा आपला अंदाज). दिवाळीनंतर परत करणार, पण एकच सिरिंज. डोळ्यांना हात नाही लावू देणार. वर्षाला २६ हजार म्हणजे महिन्याला दोन हजारच्या वर पडतात, आणि फेशियल तर मी आता करतच नाही.