सहा महिने डिझाईन टीमवर: खोक्यातल्या सामानाचे आणि करारातल्या अटींचे परीक्षण

कागदकलेचे सामान बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिझाईन टीमवर माझी सहा महिन्यांसाठी निवड झाली होती. ती मुदत संपून दोन महिने झाले आहेत आणि हे परीक्षण मी मुद्दामच तोवर लांबवले. टीमवर असताना कंपनीच्या सामानाविषयी चांगले लिहिणे हा कामाचाच भाग असतो, त्यामुळे त्या काळातल्या माझ्या कौतुकाला वाचकाने किती वजन द्यावे हे मलाही धड सांगता आले नसते. कंपनीचे नाव देत नाही, कारण मला एका कंपनीवर राग काढायचा नसून, फुकट मिळणारे खोके आणि त्यामागचे काम यांचा हिशेब मांडायचा आहे.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवा संग्रह बाजारात येण्याआधी त्यातले स्टॅम्प (शाईने ठसा उमटवायचे शिक्के), डाय (कागद ठरावीक आकारात कापणारे साचे) आणि कागद टीमच्या सदस्यांकडे पाठवले जातात. सदस्यांनी त्यातून कार्डे, खोकी किंवा आल्बमची पाने तयार करायची, त्यांची छायाचित्रे काढायची, कृती लिहायची, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी एकदम ती लोकांसमोर आणायची. आमच्या टीममध्ये आम्ही बारा जणी होतो. मोबदला म्हणून सामान आपल्याकडेच राहते. काही कंपन्या वर मानधनही देतात, आमची देत नव्हती.

अर्जासोबत तीन कलाकृती मागितल्या होत्या. मी चार दिवस खपून एक उघडताच चारही बाजूंनी उलगडणारे खोके तयार केले होते आणि निवड झाली तर त्याच्याच जोरावर होईल अशी माझी खात्री होती. पुढे समन्वयिकेने गप्पांच्या ओघात सांगितले की मत पडले ते तिसऱ्या कार्डाला, जे मी केवळ संख्या भरावी म्हणून पाठवले होते. ते एकाच थराचे कार्ड होते, म्हणजे वर दुसरा कागद न चिकटवता थेट पायाच्या कागदावरच ठसे उमटवलेले, आणि दोन तृतीयांश जागा कोरी. अशा कार्डात चूक झाकायला जागा नसते. शाईचा एक डाग पडला की अख्खे कार्ड टोपलीत जाते. निवड करणाऱ्याला हाताची सफाई आणि मोकळ्या जागेची जाण दोन्ही त्यात एका नजरेत दिसतात. अर्ज करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

करार दोन पानांचा होता. दरमहा चार कलाकृती, त्यांपैकी एकीचा व्हिडिओ. स्टॅम्प आणि डाय फक्त याच कंपनीचे. ठरलेल्या दिवसाआधी काहीही दाखवायचे नाही. आणि आम्ही काढलेली छायाचित्रे कंपनीला कितीही काळ, कुठेही वापरता येतील. ही शेवटची अट मी सही करताना वाचली होती, पण तिचा अर्थ पुरता उमगला नव्हता. मुदत संपल्यावरही माझे हात आणि माझे टेबल त्यांच्या विक्रीच्या पानावर आहेत आणि यापुढेही राहतील. एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यायला हवे. सामान फुकट मिळाले आहे हे मजकुराच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा, तळाशी बारीक अक्षरांत दडवू नका, असे कंपनीनेच बजावले होते, आणि एका सदस्याने ते वगळले तेव्हा तिला मजकूर दुरुस्त करायला लावले.

आता सामानाकडे वळते. स्टॅम्प फोटोपॉलिमरचे, म्हणजे पारदर्शक लवचिक प्लास्टिकचे, होते आणि संग्रहातली सर्वांत चांगली वस्तू तीच. रेषा खोल कोरलेल्या, त्यामुळे बारीक अक्षरांच्या पोटात शाई साचत नाही. नव्या स्टॅम्पवर कारखान्यातून आलेला एक निसरडा थर असतो, त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि पहिला ठसा डागाळलेला येतो. स्टॅम्प खराब आहे असे वाटून पुष्कळ लोक येथेच निराश होतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवला की तो थर निघतो. भरीव आकारांच्या स्टॅम्पना मात्र कागद आणि स्टॅम्प जागचे न हलू देणारी स्टॅम्पिंगची चौकट लागतेच, कारण शाई एकसारखी बसायला त्याच जागी दोनदा दाब द्यावा लागतो. काळाच्या ओघात हे स्टॅम्प पिवळसर होतात, त्याने ठशात फरक पडत नाही.

काळी शाईही त्यांचीच होती आणि ती अल्कोहोल मार्करसाठी (अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या रंगाच्या पेनांसाठी) योग्य आहे असे डबीवर छापले होते. दावा खरा निघाला, पण अर्धाच. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई अल्कोहोलने सहसा हलत नाही, म्हणूनच ती मार्करला चालते. जलरंगांखाली मात्र तीच शाई लगेच पसरते. ठसा उमटल्याबरोबर मार्कर फिरवला तेव्हा फुलाच्या पाकळीत करड्या रंगाची ओढ उतरली, पाच मिनिटे थांबून फिरवला तेव्हा रेघ जागची हलली नाही. ही थांबण्याची सूचना डबीवर कुठेच नव्हती.

डायविषयी माझे मत मिश्र आहे. पातळ पोलादाचे हे साचे बहुतेक वेळा कापणी यंत्राच्या पहिल्याच फेरीत स्वच्छ कापतात. लेसच्या किनारीचा एक डाय मात्र त्रासदायक होता. त्यातली बारीक वर्तुळे कापली जात, पण साच्यातून सुटत नसत. कागद आणि डाय यांच्यामध्ये मेणकागदाचा तुकडा ठेवल्यावर ती सुटू लागली, आणि यंत्राच्या पाटांच्या खाली साध्या कागदाचा एक जास्तीचा थर दिल्यावर कोपरेही नीट कापले गेले. ही तडजोड सवयीची आहे, तिची मी तक्रार करणार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या डायची. फुलांच्या गुच्छाचा एक स्टॅम्प आणि त्याच्या कडेने कापणारा डाय अशी जोडी होती. ठशाभोवती सगळीकडून सारखी पांढरी किनार उरावी हे अशा डायचे एकमेव काम. माझ्या जोडीत उजवीकडे किनार सुमारे दीड मिलिमीटर सुटत होती आणि डावीकडे एका पानाच्या टोकाशी ती जवळजवळ नाहीशी होत होती. मी ठसा सहा वेळा घेतला, डाय टेपने पक्का बसवला, तरी फरक तोच. समन्वयिकेला छायाचित्र पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आले की उत्पादनात एवढा फरक मान्य धरला जातो. नमुना तर ठरल्या दिवशी द्यायचाच होता, म्हणून मी किनारीवर पानाच्याच हिरव्या मार्करची बारीक कड फिरवली, डावी बाजू एका फितीच्या गाठीखाली सरकवली आणि छायाचित्र काढले. ते छायाचित्र त्या महिन्यात कंपनीने सर्वांत ठळक जागी लावले.

ही गोष्ट मला अजून खुपते. माझा नमुना पाहून ज्यांनी ती जोडी विकत घेतली, त्यांना खोक्यातून वाकडी किनार मिळाली आणि दोष आपल्या हाताचा आहे असे त्यांतल्या काहींना नक्कीच वाटले असेल. डिझाईन टीमचा नमुना वस्तू कशी आहे हे सांगत नाही; हातात दोन-तीन तास आणि मार्करचा पूर्ण संच असणाऱ्या माणसाला त्या वस्तूतून काय काढता येते, एवढेच तो सांगतो. विकत घेणाऱ्याने नमुन्यांपेक्षा नुसत्या कापलेल्या आकाराचे, काहीही न रंगवलेले छायाचित्र कुठे दिसते का ते शोधावे. आमच्या टीमने तसे एकही काढले नव्हते आणि आम्हाला कोणी मागितलेही नाही.

कार्डस्टॉक (कार्डांचा जाड कागद) 250 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचा होता, म्हणजे कार्डाचा पाया म्हणून उभा राहायला पुरेसा. पण त्याचा गाभा पांढरा होता. रंग फक्त पृष्ठभागावर असल्याने गडद निळ्या कागदाची घडी घातली की घडीच्या रेषेवर पांढरी चीर उमटे. यात थोडा दोष कापण्याच्या दिशेचाही असतो. कागदाच्या तंतूंचा कल एका बाजूला असतो. त्या कलाला समांतर घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर पृष्ठभाग तडकतो. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा, ज्या दिशेने कमी जोर लागतो ती घडीची दिशा. कल ओळखून, आधी रेघ ओढून, मग बोन फोल्डरने, म्हणजे घडी दाबायच्या चपट्या पट्टीने, घडी दाबल्यावर चीर जवळजवळ दिसेनाशी झाली. मात्र 12 बाय 12 इंचांचा कागद चौरस असल्याने कल कोणत्या बाजूला आहे हे मापावरून कळायला मार्ग नसतो, आणि पाकिटावर एक बाण छापला असता तर माझे सात-आठ कागद वाचले असते.

पाकिटावर ‘आम्लविरहित, लिग्निनविरहित’ असे ठळक छापलेले आहे. आल्बमसाठी हे महत्त्वाचेच, कारण लाकडाच्या लगद्यातले लिग्निन प्रकाश आणि हवेने पिवळे पडते आणि आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. पण टिकाऊ कागदासाठी 1994 साली प्रसिद्ध झालेले आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे 9706 क्रमांकाचे मानक याहून अधिक मागते. कागदाचा पीएच 7.5 ते 10 यांच्या दरम्यान हवा, आणि हवेतले आम्ल पुढे मुरू लागले तर ते शोषून घेण्याइतका, किमान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीचा, अल्कधर्मी साठाही हवा. या पाकिटावर त्यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. वाढदिवसाच्या कार्डाला ते चालून जाईल, कुटुंबाच्या छायाचित्रांच्या आल्बमला मी हा कागद वापरणार नाही.

मापांचा घोळ हा या क्षेत्राचा जुनाच रोग. पार्श्वभूमीचे सगळे डाय सव्वाचार बाय साडेपाच इंचांच्या, म्हणजे सुमारे 108 बाय 140 मिलिमीटरच्या कार्डासाठी होते. हे अमेरिकी माप असून तिकडे त्याला ए2 म्हणतात. आयएसओच्या मापांत ए2 म्हणजे 420 बाय 594 मिलिमीटरचा भिंतीवर लावायचा कागद! ज्यांच्या घरी ए4 कागद असतो त्यांचे कार्ड त्याचा चतुर्थांश, म्हणजे ए6, 105 बाय 148 मिलिमीटरचे होते. त्यावर हा डाय रुंदीला बाहेर येतो आणि लांबीला आठ मिलिमीटर उघडे राहतात. मी ती उघडी पट्टी मजकुरासाठी वापरली आणि ती बरी दिसली, पण ते माझे डोके, संग्रहाचा गुण नव्हे.

वेळेचा हिशेब मी चौथ्या महिन्यापासून वहीत लिहू लागले. एका कार्डाला सरासरी तीन तास, छायाचित्रांना एक, लेखनाला एक. व्हिडिओ असेल तर चित्रण आणि काटछाट मिळून आणखी आठ. म्हणजे महिन्याला अठ्ठावीस तास. शिवाय गोंद, फोम टेप (थर उचलून धरणारी जाड चिकटपट्टी), मार्कर, पायाचा पांढरा कागद हे सगळे माझ्या पदरचे. करारात खोके तीन आठवडे आधी पोहोचेल असे म्हटले होते. तिसऱ्या महिन्यात ते सहा दिवस आधी आले आणि तारीख मात्र हलली नाही. त्या आठवड्यात मी जे केले त्यात एकही कल्पना माझी म्हणावी अशी नव्हती.

तरीही निवड झाल्याचा पश्चात्ताप होत नाही, त्याचे कारण खोके नसून माणसे आहेत. समन्वयिका प्रत्येक छायाचित्रावर दोन ओळी का होईना, पण नेमके लिहीत असे. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा फोमबोर्ड उभा केला की सावल्या मऊ होतात आणि फोम टेपने उचललेले थर तरीही उठून दिसतात, ही युक्ती मला टीममधल्या एका सहकारी बाईंनी शिकवली, आणि तेव्हापासून माझी छायाचित्रे ओळखू येणार नाहीत इतकी सुधारली. ज्यांना असे शिकायचे आहे आणि ज्यांच्या हाताशी महिन्याला तीसेक तास मोकळे आहेत, त्यांनी अर्ज जरूर करावा. फुकट सामानासाठी मात्र करू नये. तेवढ्या तासांचे दुसरे काही केले तर सामान विकत घेऊन वर पैसे उरतील.

मुदत संपताना कंपनीने आणखी सहा महिने विचारले. मी दोन अटी कळवल्या: कलाकृती महिन्याला दोनच, आणि जोडीच्या प्रत्येक डायचे न रंगवलेले, कडेसकट जवळून काढलेले एक छायाचित्र मजकुरात घालण्याची मोकळीक. पहिली अट त्याच दिवशी मान्य झाली. दुसरीवर, असे छायाचित्र कंपनीकडून आधी तपासून घ्यावे, असे उत्तर आले, आणि मी नकार कळवला. पांढऱ्या गाभ्याचे उरलेले निळे कागद सध्या मी हाताने फाडून वापरते आहे. फाटलेल्या कडेला तो पांढरा गाभा फेसासारखा दिसतो.