एकदम साडेपाच, की दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं?

रात्री साडेबाराला झोपून सकाळी आठला उठणाऱ्या माणसाला साडेपाचला उठायचं असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. उद्यापासूनच साडेपाचचा गजर लावायचा आणि पहिले काही दिवस कळ काढायची, ही एक. दुसरी म्हणजे गजर थोडाथोडा अलीकडे आणत तीन-चार आठवड्यांत तिथे पोचायचं. बहुतेकांसाठी माझा कौल दुसरीला आहे. पण पहिली वाट धरून आयुष्यभर लवकर उठणारी माणसंही आपल्या आजूबाजूला असतात, म्हणून आधी तिच्याबद्दल.

एकदम उठण्यात हिशेब सरळ असतो. साडेबाराला झोपून साडेपाचला उठलात की पाच तास झोप होते, आणि प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. दोन-तीन दिवस असं झालं की शरीरावर झोपेचा भार इतका साठतो की रात्री दहा-साडेदहालाच डोळे मिटू लागतात. सगळी मदार या भारावर. पहिली पाळी लागलेले कामगार, सकाळच्या शाळेचे शिक्षक, विरार-कल्याणहून पहाटेची लोकल धरणारे यांना हे जमतं, कारण उठू की नको हा प्रश्न त्यांना रोज नव्याने सोडवावा लागत नाही. घरच्यांची सवय बदलण्याची वाटही बघावी लागत नाही.

बंधन नसलेल्याचा घात रविवारी होतो. आठवडाभराची उधारी फेडायला तो दहापर्यंत झोपतो, मग रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याहून मोठी अडचण शरीराच्या घड्याळाची आहे. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. बहुतेकांमध्ये त्याचा एक फेरा चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे उशिरा झोपणं सहज जमतं आणि वेळ अलीकडे आणायला जोर लावावा लागतो. तो जोर मुख्यतः प्रकाशाचा. नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. त्यानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, त्याआधी पडलेला पलीकडे ढकलतो. नऊला उठणारा माणूस एकदम चारला उठून लख्ख ट्यूबलाइटखाली अभ्यासाला बसला, तर त्याचं घड्याळ हवं त्याच्या उलट दिशेला सरकू शकतं. जिद्द असूनही कित्येकांचं बिनसतं ते इथे, आणि मग ते उगाच स्वतःला आळशी ठरवतात.

‘आजपासून नऊलाच झोपतो’ हा बेतही याच कारणाने फसतो. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास मेंदू उलट जास्त सावध असतो. माणूस अंधारात नुसता कूस बदलत राहतो.

आता हळूहळूची वाट. आठ ते साडेपाच म्हणजे दीडशे मिनिटं. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवली तर वीस दिवस, दर तीन दिवसांनी सरकवली तर महिना. झोपायची वेळही त्याच हिशेबाने अलीकडे येते, त्यामुळे दिवसा पेंग येत नाही, गाडी चालवताना धोका नाही. मात्र चिकाटी लागते, आणि घरातल्यांची साथही. रात्री सव्वादहाला जेवण, त्यानंतर मालिका, आणि एकाच खोलीत चार माणसं असतील, तर एकट्याने लवकर झोपायचं म्हणणं व्यर्थ आहे. जेवण निदान साडेआठवर आणावं लागेल. दुपारी चारनंतरचा चहा सोडावा लागेल; कॅफिनचा साधारण निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असतो.

सकाळचा उजेडही हवाच. उठल्यावर गॅलरीत किंवा गच्चीवर वीस-पंचवीस मिनिटं बसा. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. आपल्याकडे यात ऋतूचा भाग मोठा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मुंबई जवळपास ७३ अंशांवर. म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे चालतो. नागपूरला तो मुंबईच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. एक जानेवारीला संकल्प करणाऱ्या मुंबई-पुणेकरांना वर्षातले सर्वांत उशिराचे सूर्योदय मिळतात, सातनंतरचे. त्यापेक्षा गुढीपाडवा बरा. तेव्हा सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि पुढे जूनपर्यंत लवकरच येत राहतो.

सोबतीचा आधार दोन्ही वाटांवर चालतो. गावाकडे कार्तिकात काकड्याला माणसं पहाटे देवळात जमतात, कारण शेजारी हाक मारतो आणि गाव रात्री लवकर निजलेलं असतं. शहरात हेच काम फिरायला येणारा मित्र करतो. तो खाली उभा आहे म्हटल्यावर स्नूझ दाबायचा धीर होत नाही.

काहींनी मात्र दोन्ही वाटांपासून दूर राहावं. फिरती पाळी असलेल्यांना एकच उठण्याची वेळ धरता येत नाही. त्यांनी पाळीनुसार झोप पुरी करावी. अपस्मार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी एकदमची वाट धरूच नये, झोपमोडीने त्रास उफाळू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ बदलू नये. दहावी-बारावीच्या मुलांना ओढून चारला उठवणाऱ्या पालकांना तर कळकळीने सांगावंसं वाटतं: या वयात घड्याळ निसर्गतःच उशिराकडे झुकतं आणि आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवून पाठांतर टिकत नाही. पहाटच हवी असेल तर रात्रीचा क्लास सुटायला हवा. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं, तेही लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच.

तेव्हा ठरावीक वेळेला कुठे तरी पोचणं भाग असेल आणि आताची वेळ दीड तासाच्या आतच बदलायची असेल, तर एकदम उठा, फक्त पहिला आठवडा रात्रीची कामं टाळा. फरक त्याहून मोठा असेल किंवा उठवणारं कोणी नसेल, तर पंधरा-पंधरा मिनिटं. रविवारी सूट तासाभराच्या वर नको. गजराआधी जाग येऊ लागली की पुढची पंधरा मिनिटं सरकवा. येत नसेल तर आहे त्याच वेळेवर आणखी दोन दिवस थांबा.