शिष्यवृत्तीचा निबंध लिहून देणाऱ्यांपासून सावध राहा : माझा अनुभव

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी निबंध लिहून देणाऱ्या एका सल्लागाराने 2023 साली माझ्याकडून 45,000 रुपये घेतले. पैशांचे दुःख आता ओसरले आहे. परंतु त्या व्यवहारात पैशांखेरीज माझे आणखी काय गेले, हे मला वर्षभराने कळले आणि म्हणून हे लिहीत आहे.

मी भांडुपला राहतो आणि पाणीपुरवठ्याची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे जलवाहिन्यांची गळती शोधण्याचे काम करतो. मला ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो माझ्याकडे होता. गाडी अडत होती ती चार निबंधांपाशी : नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनमध्येच का शिकायचे आणि परतल्यावर काय करणार. प्रत्येक निबंधाला 500 शब्दांची मर्यादा होती. मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजीची धास्ती होतीच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, रात्री रस्त्यात व्हॉल्व्हवर लोखंडी सळी टेकवून, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून पाइपातला आवाज ऐकणाऱ्या माणसाकडे ‘नेतृत्वा’विषयी सांगण्याजोगे काही असेल, असे मलाच वाटत नव्हते. सल्लागार भेटला तो नंतर; फसायला मी आधीच तयार होतो.

दादर पश्चिमेला एका साड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचे कार्यालय होते. भिंतीवर परदेशी विद्यापीठांसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते आणि त्यांपैकी एकाशीही बोलायला मिळेल का, असे मी विचारले नाही. “समितीला काय आवडतं ते आम्हाला आतून माहीत आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचवायची जबाबदारी आमची,” असे सांगण्यात आले. 25,000 आधी आणि 20,000 मसुदा देण्यापूर्वी द्यायचे होते. दोन्ही वेळा रक्कम संस्थेच्या नव्हे, तर ‘सरां’च्या वैयक्तिक खात्यात यूपीआयने गेली आणि पावती ‘मेल करतो’ म्हणून जी राहिली ती राहिलीच. याच निबंधांवर जे. एन. टाटा एन्डोमेंटचेही ‘फुकटचे पैसे’ मिळवून देतो, असेही ते म्हणाले. 1892 पासून चालत आलेली ती योजना कर्जरूपाने साहाय्य करते आणि ते फेडावे लागते, हे मला माहीत होते. एवढी साधी गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्याच्या समोरून मी तेव्हाच उठायला हवे होते. पण ऐकताना चूक माझीच असेल असे वाटले आणि मी मान डोलावली.

त्यानंतर त्यांनी मला अकरा पानांचा फॉर्म दिला. त्यात शाळा, पगार, घराचे क्षेत्रफळ असे सारे होतेच. शिवाय ‘कौटुंबिक संकट’ असा एक रकाना होता आणि त्यात मृत्यू, आजार, पूर, आग, कर्ज यांपैकी लागू असेल त्यावर खूण करायची होती. मी काहीच खूण केली नाही, तेव्हा समोरची मुलगी म्हणाली, “सर, काहीतरी द्याच, नाहीतर स्टोरी बनत नाही.” शेवटच्या दोन पानांवर ‘कामातील अविस्मरणीय प्रसंग’ लिहायचा होता. तो मात्र मी मनापासून लिहिला. एका गल्लीत आठ दिवस दाबाने पाणी येत नव्हते. गळती सोसायटीच्या आवाराखाली असावी असा माझा अंदाज होता आणि फरश्या उखडायला अध्यक्ष तयार नव्हते. त्या भागात पाणी पहाटेच सुटते आणि वाहिनीत दाब असल्याशिवाय गळतीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांनाच पहाटे बोलावले आणि त्यांच्याच कानाला सळी लावली. त्यांनी दोन क्षण ऐकले आणि “खणा” म्हणाले.

अर्जाची मुदत 7 नोव्हेंबरला आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचपर्यंत होती. निबंध आले ते आदल्या रात्री साडेअकराला, मी कामावर असताना. पहिल्याच निबंधात माझे वडील वारले होते. बेस्टमधून निवृत्त झालेले माझे वडील त्या वेळी घरी झोपलेले होते. फोन केला तेव्हा “इमोशनल कनेक्ट लागतो हो” असे उत्तर मिळाले. ते वाक्य मी खोडले, बाकीचे वरवर चाळले आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता सारे चिकटवून अर्ज पाठवला. एकदा पाठवलेल्या अर्जात बदल करता येत नाही. रात्री शांतपणे वाचायला बसलो, तेव्हा तिसऱ्या निबंधात ‘इंजिनीअररी’ असा शब्द सापडला. पालिकेच्या उद्यानातल्या इंजिनीअररीत मी म्हणे रोपे लावली होती. अर्थ लागायला वेळ लागला. मूळ निबंध कुणा नर्सचा होता; कॉम्प्युटरवर ‘नर्स’ या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘इंजिनीअर’ घालताना इंग्रजीतली ‘नर्सरी’ही तावडीत सापडली होती.

निवड झाली नाही. ती त्या शब्दामुळे झाली नाही, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण चेव्हनिंग उचलेगिरी तपासते आणि ती आढळल्यास अर्ज बाद होतो, हे नियमांत लिहिलेले होते आणि ते मी वाचलेले होते. पैसे परत मागितले, तेव्हा अगदी गोड आवाजात उत्तर आले, “तक्रार जरूर करा. फक्त निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतला, हेही त्यात लिहावं लागेल.” या धंद्याचे खरे कुलूप हेच आहे : गिऱ्हाइकाच्या हातूनही गैर घडलेले असते, म्हणून ते गप्प बसते. मी चार महिने गप्प बसलो. शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सारे खरे सांगितले, लेखी नोटीस पाठवली आणि 20,000 रुपये परत मिळाले. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही, हे कळल्यावर माझी भीती बरीच गेली. बनावट लिंक किंवा खोट्या खात्यावर पैसे गेले असतील, तर मात्र एक तासही न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

पुढच्या वर्षी निबंध मी स्वतः लिहिले. इंग्रजी तपासून घ्यायला शाळेतल्या जुन्या बाईंकडे गेलो. त्यांनी व्याकरण सुधारले आणि प्रत्येक ‘मी नेतृत्व केले’च्या पुढे लाल पेनाने लिहिले : कोणाचे, कुठे, त्याने काय झाले? अशी मदत घेण्यात गैर काहीच नाही आणि त्यासाठी त्यांनी घेतला तो एक कप चहा.

त्याच सुमारास ठाण्याला राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने मला एक ‘नमुना निबंध’ वाचायला पाठवला. दादरच्याच त्या कार्यालयाने तो त्याला 5,000 रुपये आगाऊ घेऊन दिला होता. त्यात भांडुपच्या जागी कल्याण होते आणि अध्यक्षांच्या जागी सरपंच होते. पण सळी तीच होती, “खणा” हा शब्द तोच होता, आणि पहाटेचे 3 वाजून 10 मिनिटे ही वेळही मी फॉर्ममध्ये लिहिली होती तीच होती.