खासगी कॉर्ड ब्लड बँक: साठवण चोख, दावे फुगवलेले

साठवणुकीची पद्धत चांगली आहे. बाळाच्या जन्मानंतर नाळेतलं रक्त (कॉर्ड ब्लड) पिशवीत घेतात, त्यातल्या पेशी (यांत नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात) वेगळ्या करतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. खरी गोची जाहिरातीत आणि संमतीपत्रात आहे. 'बाळाचा आयुष्यभराचा विमा' म्हणणं ही सरळ दिशाभूल आहे. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल तर तोच दोष बाळाच्या साठवलेल्या पेशींतही असतो, मग त्या त्यालाच देऊन काय होणार? १९८८ साली पॅरिसमध्ये झालेलं नाळरक्ताचं पहिलं प्रत्यारोपणही रुग्णाच्या स्वतःच्या नव्हे, तर त्याच्या बहिणीच्या नाळरक्ताचं होतं. सख्ख्या भावंडाला असा आजार असेल तर मात्र साठवण जरूर करावी.

पेशींची संख्या लेखी मागा. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. मोठ्या माणसाला एक पिशवी बहुतेकदा पुरत नाही. आणि पिशवी भरावी म्हणून नाळेला घाईने चिमटा लावू देऊ नका, त्या मिनिटभरात बाळाला लोह मिळत असतं.

बँक बंद पडली तर नमुना कोणाकडे जाईल हे करारात हवं. संशोधनासाठी वापराची संमती वेगळ्या कागदावर हवी. सगळं एकाच सहीत गुंडाळलं असेल तर सही करू नका.